धुक्याच्या फोटोखाली काय लिहायचं?

सुरतेत धुकं पडतं का, इथूनच मामा-भाचीचा वाद सुरू होतो. समुद्रकाठचं शहर. जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण चौदा-पंधराच्या आसपास असतो. दिल्ली-कानपूरकडे दुपारपर्यंत न हटणारं धुकं असतं, तसं इथे नाही. तरी हिवाळ्यात सूर्योदयाच्या सुमाराला, म्हणजे सव्वासातच्या आसपास, सिंगणपोरच्या कॉझवेवर उभं राहिलं की तापीच्या पाण्यावर पांढरा थर दिसतो. त्यावर लांबून आलेले कुरव पक्षी घिरट्या घालत असतात. लोक त्यांना गाठिया टाकतात, आणि कठड्याशी फोन नि कॅमेरे घेऊन गर्दी असते. त्याच वेळी शहराच्या दक्षिणेला, पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांवरही एक थर पसरलेला असतो. तिथे फोटो काढायला फारसं कोणी जात नाही. भाची जाते.

मामा मूळचे नंदुरबारकडचे. खानदेशातून सुरतेला आलेल्या हजारो घरांसारखंच त्यांचंही घर: नदीच्या वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला पोट. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावलेली तापी भुसावळ, प्रकाशा करत सुरतेला येते, आणि तिच्या मागोमाग ही माणसंही आली. उधना, लिंबायत, डिंडोली भागात अहिराणी कानावर पडल्याशिवाय गल्ली संपत नाही. मामा लूमवर पाळी करता करता फोटोग्राफी शिकले, लिंबायतला स्टुडिओ टाकला, जुन्या याशिका कॅमेऱ्यावर अर्ध्या खानदेशाची लग्नं काढली. स्टुडिओ आता मुलगा बघतो. मामा हिवाळ्यात सोनगड, उकाई, डांगच्या बाजूला फिरतात आणि धुक्याचे फोटो काढतात. भाची पर्यावरण अभियांत्रिकी शिकलेली. मिलांच्या चिमण्यांमधून किती धूर जातो हे मोजणाऱ्या यंत्रांचं काम बघते.

यंदा आमच्या भागातल्या गणेश मंडळाने मंडपात तापीच्या काठचे फोटो लावायचं ठरवलं. निवड या दोघांनी करायची आणि फोटोंखालच्या ओळी मी लिहायच्या. म्हणून मी दोघांच्या मधे बसलो, आणि जे ऐकलं ते इथे मांडतो आहे.

भाची : मामा, कॉझवेचा तुमचा फोटो लावायला माझी हरकत नाही. खाली 'तापीवरचं धुकं' असं लिहायला आहे.

मामा : मग काय लिहायचं? धुकंच आहे ते. रात्री आभाळ मोकळं होतं, वारा पडलेला होता. कॉझवेच्या वरच्या अंगाला नदीचं गोडं पाणी अडून राहतं. ते जमिनीइतकं लवकर निवत नाही. त्याच्यावर पहाटेची गार हवा आली की पाण्यातून वाफ उठताना दिसते. मी समोर उभा होतो, पोरी.

भाची : पाण्यालगतचा पुरुषभर थर वाफेचा, कबूल. पण पलीकडच्या इमारती ज्यात बुडाल्यात तो वरचा थर तपकिरी होता. तुम्ही कॉम्प्युटरवर त्याला पांढरा केलात.

मामा : सकाळचा उजेड पिवळा असतो. व्हाइट बॅलन्स सुधारला, दुसरं काही केलं नाही.

भाची : त्या सुधारण्यात पुरावाच गेला. धुक्याचा थेंब दहा-वीस मायक्रॉनचा असतो, प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठा. तो सगळे रंग सारखेच उधळतो, म्हणून धुकं पांढरं. धुरातले बहुतेक बारीक कण एका मायक्रॉनच्याही आतले. ते निळा जास्त उधळतात. म्हणून काळ्या झाडीसमोर धूर निळसर दिसतो, आणि त्याच धुरातून सूर्याकडे पाहिलं तर सूर्य तांबडा. कॅमेरा हे सगळं टिपतो. नंतर आपण घरी बसून ते पुसून टाकतो.

मामा : मला हे वासानं कळतं. डांगात महालला पूर्णेच्या काठी पहाटे उभं राहिलं की धुक्याला ओल्या पाल्याचा वास असतो. सुरतेत रबर जळल्यासारखा.

भाची : वास फोटोत येत नाही. रंग येतो.

दोघांचं भांडण ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती अशी. मोकळ्या आभाळाच्या, पडल्या वाऱ्याच्या रात्री जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि निवते. तिला लागून असलेली हवा गार होते, वरची हवा ऊबदार राहते. दिवसा असतं त्याच्या उलटं. गार हवा जड असते, ती वर चढत नाही. पातेल्यावर झाकण बसावं तसं सगळं खाली कोंडून राहतं. हवेत ओल पुरेशी असली तर याच थरात धुकं धरतं. आणि याच थरात शहराचा धूर अडकतो. सूर्य वर येऊन जमीन तापली की झाकण सुटतं, दोन्ही विरतात. म्हणजे जी रात्र मामांना धुकं देते तीच रात्र भाचीचा धूर जमिनीवर दाबून धरते. दोघे वेगवेगळ्या गावी जाऊन एकाच हवामानाचे फोटो काढतात, हे दोघांनाही ठाऊक आहे, पण वादात कोणी ते पुढे करत नाही. म्हणून मी केलं.

त्यावर भाचीने एटकिन काढला. स्कॉटलंडच्या जॉन एटकिनने १८८० च्या सुमारास काचेच्या भांड्यांत वाफ सोडून पाहिली होती. साध्या हवेच्या भांड्यात लगेच धुकं दाटलं. कापसातून गाळलेल्या, धूळ नसलेल्या हवेच्या भांड्यात काहीच दिसेना. पाण्याच्या वाफेला थेंब व्हायला बसण्यापुरतं काहीतरी लागतं: धुळीचा कण, मिठाचा कण, धुराचा कण.

मामा : म्हणजे डांगातलं माझं धुकंही कशावर तरी बसलेलंच.

भाची : हो. मातीवर, चुलीच्या धुरावर. समुद्रावरून आलेल्या मिठावरही.

मामा : मग निव्वळ धुकं कुठेच नाही. आता माझा कॉझवेचा फोटो तेवढा वाईट कसा?

भाची : फोटो वाईट नाही. त्याच्याखालचं नाव अपुरं आहे.

मामा : त्या फ्रेंच चित्रकाराची, मोनेची चित्रं तू मला दाखवलीस ना, लंडनच्या नदीची? त्यानं धुरातूनच ते जांभळं, केशरी काढलं. त्याला कोणी विचारलं नाही खाली काय लिहिलंस.

भाची : विचारलं, शंभर वर्षांनी. २०२३ मध्ये दोन हवामान-अभ्यासकांनी इंग्रज चित्रकार टर्नरची आणि मोनेची चित्रं तपासली. कडा किती धूसर होत गेल्या आणि रंग किती पांढुरके, हे मोजलं. लंडन-पॅरिसच्या हवेत त्या काळात कोळशाचा धूर जसा वाढत गेला, तशी चित्रंही बदलत गेलेली निघाली. मोनेनं १८९९ ते १९०१ या काळात थेम्सच्या पुलांची चित्रं हाती घेतली. पन्नास वर्षांनी, १९५२ च्या डिसेंबरात, त्याच शहरात पाच दिवस असं धुकं बसलं की हजारो माणसं मेली. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा त्यातून आला. मोनेच्या चित्रांना सौंदर्य म्हणा, मीही म्हणते. पण त्यानं नाव काय दिलं बघा. वॉटर्लू पूल, चेरिंग क्रॉस पूल; ऊन होतं की धुकं, तेही. जागा कुठे सोडली त्यानं?

इथे मी भाचीच्या बाजूचा आहे. धुक्याच्या फोटोंची मोठी खोट हीच आहे की त्यातले पुष्कळसे कुठलेही असू शकतात. एक झाड, एक वाट, मागे पांढरं. मुन्नार म्हणा, माथेरान म्हणा, नाहीतर जपान म्हणा, बघणाऱ्याला फरक पडत नाही. मामांचा सोनगडचा फोटो मात्र तसा नाही. पिलाजी गायकवाडांचा तो किल्ला. बडोद्याला जाण्याआधी गायकवाडांचं ठाणं इथेच होतं. मामांच्या फोटोत खाली गावावर धुकं साचलेलं आहे आणि तटाची रेघ त्याच्यावर उभी आहे. ज्याने सोनगड पाहिला आहे तो क्षणात ओळखेल. साग जानेवारीत पानं टाकायला लागतो. धुक्यात उरलेली ती मोठाली, अर्धी वाळलेली पानंही जागा सांगतात. हा फोटो निवडताना वाद झाला नाही.

फोटो कसा काढायचा यावर मात्र दोघं तासभर बोलले, आणि तेवढ्यापुरतं भांडण बाजूला राहिलं.

मामा : कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. त्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. धुकं दिसलं की तो समजतो उजेड फार झाला, आणि फोटो कळकट काढतो. म्हणून एक स्टॉप वर द्यायचा. फिल्मच्या दिवसांत हे हाताला माहीत होतं. निगेटिव्ह दाट आली तर प्रिंटमध्ये निभावायची, पातळ आली की संपलं.

भाची : डिजिटलमध्ये उलटं. पांढरं एकदा फुटलं की परत येत नाही. म्हणून मी हिस्टोग्राम बघत वर नेते, उजव्या कडेला टेकू देत नाही.

मामा : आणि ऑटोफोकसवर सोडायचं नाही. त्याला पकडायला कड लागते, धुक्यात कड नसते. तो पुढे-मागे भटकत राहतो आणि तेवढ्यात उजेड बदलतो. जवळच्या खोडाच्या काठावर हातानं फोकस करायचा. किरण हवे असतील तर सूर्य खोडामागे घ्यायचा, आणि स्वतः सावलीत उभं राहायचं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे थांबायचं. सूर्य उगवल्यावर धुकं लगेच जात नाही, बऱ्याचदा आधी वाढतं. लोक त्याच वेळी गाडीत बसून चहाला निघतात. नंतरची पंधरा-वीस मिनिटं खरी.

भाची : फोनवाल्यांना तीही मिळत नाहीत. फोनमधलं सॉफ्टवेअर सगळं ठळक करायला बसलेलं आहे. धुकं दिसलं की त्याला वाटतं फोटो फिका आला, आणि तो आपल्याला न विचारता धुकं कमी करतो.

मामा : तुझं ते एक बटणही आहे ना, धुकं काढून टाकायचं.

भाची : डीहेझ. अडोबीनं २०१५ मध्ये आणलं. त्यामागचं गणित तुम्हाला आवडेल. जर्मनीच्या कोश्मीडरनं १९२४ मध्ये मांडलं की वस्तू जितकी लांब, तितकं तिच्यावर धुक्याचं पांढरं जास्त चढतं, आणि ते ठरलेल्या हिशेबानं चढतं. २००९ मध्ये चिनी संशोधकांनी एक रीत काढली. स्वच्छ हवेतल्या फोटोत जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी गडद असतं, एखादी सावली, एखादा गडद रंग. धुक्याच्या फोटोत ते गडदही पांढुरकं होतं. किती पांढुरकं झालं यावरून वस्तू किती लांब आहे ते कळतं, आणि तेवढं पांढरं वजा करता येतं.

मामा : थांब. म्हणजे एका सपाट फोटोतून कोणतं झाड किती लांब हे कॉम्प्युटरला कळतं?

भाची : धुकं असेल तर कळतं. स्वच्छ हवेच्या फोटोत ती खूण नसते.

मामा : हेच मी सगळ्यांना सांगत आलो. लोक म्हणतात धुकं झाकतं. अरे, स्वच्छ दुपारी डोंगरावर दहा ओळी झाडांच्या असल्या तरी एकच हिरवं दिसतं. धुक्यात प्रत्येक ओळ वेगळी होते. पहिली काळी, दुसरी करडी, तिसरी जेमतेम. म्हणून मी चौकटीत एक झाड जवळचं घेतोच. ते नसलं तर लांबचं लांब आहे हे कळणार कशावरून?

मामांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहिला. चाळीस वर्षं हाताने केलेल्या गोष्टीमागचं गणित कोणीतरी त्यांच्यासमोर ठेवलं होतं. पण हेही खरं की भाची तेच बटण मुद्दाम टाळते. पांडेसऱ्याच्या फोटोंवर ती डीहेझ लावत नाही, लावूही देत नाही. कारण तो थर किती जाड होता हेच तिला दाखवायचं आहे. तिचं कामही याच धुराचं. सुरतेत २०१९ पासून कणरूप धुराचा बाजार चालतो, कणांसाठीचा जगातला पहिला. कोळसा-लिग्नाइट जाळणाऱ्या मिलांच्या चिमण्यांत सतत मोजणारी यंत्रं बसली. सगळ्यांनी मिळून किती धूर सोडायचा याला मर्यादा घातली गेली. ज्याने आपल्या वाट्याहून कमी सोडला त्याने उरलेला वाटा दुसऱ्याला विकायचा. तीनशेहून अधिक कारखान्यांवर झालेल्या अभ्यासात, या बाजारात आलेल्यांचा धूर २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. भाचीला हे आकडे तोंडपाठ आहेत. पण आकडा मंडपात कोण वाचणार, फोटो बघतील, असं तिचं म्हणणं.

मग बारडोलीचा फोटो आला आणि आवाज चढले.

उसाच्या फडाकडेची बैलगाडी, मागे धुक्यात गेलेला ऊस, वर फिकट सूर्य. मामांच्या संग्रहातला हा सर्वांत देखणा फोटो. भाचीने लॅपटॉपवर त्याची मूळ फाइल शोधून उघडली. ती डावीकडे जास्त रुंद होती.

भाची : इथे दोन माणसं आहेत मामा. एक बाई, एक पोरगा. तुम्ही कापलेत.

मामा : कापले नाहीत, चौकट बसवली. ती धुक्यात अर्धी गेलेली होती. नीट दिसतही नव्हती.

भाची : ती माणसं कुठली होती विचारलं होतंत?

मामा : विचारायला कशाला पाहिजे? बोलण्यावरून कळलं. नवापूरकडची.

भाची : आपल्याकडची. दिवाळीनंतर कोयत्यावर येतात, डांगातून, नंदुरबारातून. पालं ठोकून राहतात आणि पावसाआधी परततात. यान ब्रेमन नावाचा डच समाजशास्त्रज्ञ सत्तरच्या दशकापासून बारडोलीच्या या ऊसतोड माणसांवर लिहीत आला. पार हॉलंडहून येऊन त्याला ती दिसली. तुम्ही दहा पावलांवर उभे होतात. तुमच्यासाठी धुकं म्हणजे उजेड. त्या बाईसाठी ओली पाचट, आणि कोयत्याभोवती न वळणारी बोटं.

मामा : तुला वाटतं मला कळत नाही? मी लूमवर बारा तासांची पाळी केली आहे. ऐक. माझ्या स्टुडिओत दोन रंगवलेले पडदे होते, एक ताजमहाल, एक काश्मीर. रविवारी पोरं यायची. एका खोलीत दहा-बारा जण राहणारी, दोन पाळ्यांत एकाच गोधडीवर झोपणारी. कानात लूमचा आवाज भरलेला. म्हणायची, मास्तर, काश्मीर लावा. तो फोटो पाकिटातून गावाला जायचा. मी त्यांना लूमसमोर उभं केलं असतं, तर गावाला फोटो बघून आई जेवली नसती. माणसाला मोकळी जागा बघायचा हक्क आहे की नाही? लिंबायतच्या खोलीत भिंतीवर एक धुक्याचा फोटो असला तर त्या खोलीत थोडी हवा येते. ती काय लबाडी आहे?

भाची : नाही. पण मामा, तुमच्या काश्मीरसमोर तो पोरगा उभा होता. त्याच्यासाठीच पडदा होता. बारडोलीच्या फोटोत पडदा तेवढा राहिला, पोरगा कापला गेला.

यावर मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी भाचीचा पांडेसऱ्याचा फोटो पुढे ओढला.

मामा : आता हा बघू. चिमण्या आहेत, गच्च्या आहेत, पिवळट थर आहे. लांब लेन्स लावून कुठल्यातरी गच्चीवरून काढलास. सकाळी सातला रात्रपाळी सुटते. खाली रस्त्यावर माणसांचा लोंढा असतो. तो कुठे आहे?

भाची : मुद्दाम घेतला नाही. तोंडं दिसली, तर फोटो मंडपात लागल्यावर कोणीतरी बघून सांगेल, हा अमक्या मिलचा. उद्या त्याला कामावर घेतलं नाही तर? धुराची तक्रार मी करायची आणि हजेरी त्याची जायची?

मामा : मग रस्त्यावर उतर. सूर्य समोर घे. तुझ्या त्या थरात दहा-पंधरा पावलांच्या पुढचा माणूस नुसता आकार होतो. चाल दिसते, खांद्यावरचा डबा दिसतो, वाकलेली मान दिसते. तोंड दिसत नाही. माझ्या गाडीजवळची बाईसुद्धा तशीच होती. तुला वाटतं धुकं माणसं पुसतं. तसं नाही पोरी. धुक्यात माणूस राहतो, त्याचं नाव-गाव कोणाच्या हाती लागत नाही. तुझ्यासारख्या कामाला याच्याहून चांगला उजेड कुठला?

मला वाटतं त्या संध्याकाळी बोललं गेलेलं हे सगळ्यात मोलाचं. मामांच्या भिंतीवर पालनपूरच्या ए. एल. सय्यद यांच्या छायाचित्रांची जुनी कात्रणं आहेत. चित्रासारखा फोटो काढणाऱ्या पिढीतले ते. भाचीच्या टेबलावर नवसारीत १९१३ साली जन्मलेल्या होमाई व्यारावालांवरचं पुस्तक असतं. वर्तमानपत्रांसाठी काम करणाऱ्या देशातल्या पहिल्या महिला छायाचित्रकार त्या. फोटो सुंदर असावा की साक्ष देणारा, असे दोन तट पाडून आपण मोकळे होतो. मामांनी साक्षीदाराला सुरक्षित ठेवणारं सौंदर्य दाखवलं, तेही हातच्या कामातून आलेल्या शहाणपणानं. याला भाचीकडे उत्तर नव्हतं. तिने वहीत पांडेसऱ्याच्या एका रस्त्याचं नाव आणि शेजारी 'पूर्वेकडे तोंड' असं लिहून ठेवलं.

उकाईच्या फोटोवर फार बोलणं झालं नाही. १९७२ साली बांधून झालेल्या त्या धरणाच्या पाण्याखाली दीडशेहून अधिक गावं गेली, मुख्यतः गामित, वसावा, भिल्लांची. त्या वेळी विस्थापित झालेल्यांच्या पुढच्या पिढ्या आज त्याच पाण्यावर मासे धरतात. मामांच्या फोटोत धुक्याने काठ दिसेनासा झाला आहे आणि मधे एका होडीत जाळं ओढणारा माणूस उभा आहे. भाची म्हणाली, हा सगळ्यात मोठा छापा. मामा म्हणाले, खाली धरणाचं साल लिहा आणि गावं गेली तेही लिहा. इथे मला काही सुचवावं लागलं नाही.

डांगातल्या डोन आणि सापुताऱ्याच्या पावसाळी फोटोंबद्दलही थोडकंच. ते धुकं म्हणजे डोंगराला टेकलेला ढग. हिवाळ्याच्या धुक्यासारखं ते जमिनीलगत धरत नाही. त्याला पहाट लागत नाही, दिवसभर असतं, आणि उजेड सपाट असतो. शनिवार-रविवारी सुरतेच्या गाड्यांची तिथे रांग लागते. मामांचे तिथले फोटो मला पूर्वीपासून फिके वाटतात.

एक बाजू मात्र या दोघांच्या बोलण्यात आली नाही, ती मी घातली. गावी माझा भाऊ शेती करतो. पहाटे धुकं आहे म्हटलं की तो आधी हरभऱ्याकडे आणि कांद्याकडे जातो. चार दिवस सलग ओल धरून राहिली तर कांद्याच्या पातीवर करपा येतो, मग फवारणीचा खर्च. धुक्याचा फोटो त्याने कधी काढलेला नाही. मामा म्हणाले, त्याच्या शेतातला एक फोटो पाहिजेच. भाचीही हो म्हणाली. पुढच्या हिवाळ्यात तिघांनी जायचं ठरलं.

मग ओळी लिहायला बसलो. कॉझवेच्या फोटोखाली मी लिहिलं : 'सिंगणपोर कॉझवे, जानेवारी, सकाळी सव्वासात. पाण्यालगत नदीची वाफ, वर शहराचा धूर. वारा नाही.' मामांनी मूळचा तपकिरी रंग परत आणायचं कबूल केलं. 'धूर' या शब्दावर ते अडले. मंडपात दर्शनाला आलेल्या माणसाला आधी नदी दिसू द्या, धूर नंतर वाचेल, असं म्हणून त्यांनी वाऱ्याचं वाक्य पुढे आणि धुराचं शेवटी घ्यायला लावलं.

भाची : आणि पांडेसऱ्याखाली 'मिलांचा धूर'. एवढंच.

मामा : एवढंच कसं? मघाशी एटकिन तूच सांगितलास. त्या दिवशी हवेत ओल किती होती? गच्चीच्या कठड्यावर दव दिसतंय फोटोत. धूर तर आहेच, पण त्या धुरावर धुकंही बसलेलं आहे. माझ्या फोटोत धूर लिहायचा, तर तुझ्या फोटोत धुकं लिहायचं.

भाची : लोक म्हणतील, बघा, धुकंच होतं. मिलवाले तर हेच म्हणतात दरवर्षी.

मामा : म्हणू देत. त्यांच्या भीतीनं तू अर्धं लिहिणार का?

भाचीने त्या दिवसाची आर्द्रतेची नोंद काढली. पहाटे सहाचा आकडा नव्वदच्या वर होता. तिने तो मला दाखवला, पण ओळ बदलायला अजून होकार दिलेला नाही. ती जागा मी कोरी ठेवली आहे.

बारडोलीचा फोटो बाई आणि पोरासकट, न कापता लागणार आहे. तो आता दीड फूट जास्त रुंद झाला, आणि मंडपाची भिंत तेवढीच आहे. एक फोटो गाळावा लागणार होता. मामांनी आपण होऊन सापुताऱ्याचा गाळला आणि मुलाला फोन करून फ्रेमची नवी मापं सांगितली.